पडवीचं कव्हर

मोबाइलच्या दुकानदारानं विचारलं, "काकू, कव्हर टाकू का?" नव्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला आणि मी पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकातलं, माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. नवरा मुंबईला, त्याच्याआधी सासरेही तिथंच. नवरा येताना सगळ्याला कव्हर आणायचा. टीव्हीला, उशांना, शिलाई मशीनला. त्या पावसाळ्याआधी त्यानं पडवीसाठी निळं प्लास्टिक पाठवलं. झड आत येऊ नये म्हणून आमच्याकडे पडवी बाहेरून बंद करतात, पूर्वी पेंढ्यानं करायचे. सासूबाई त्यालाही 'कवर'च म्हणायच्या. खिळे ठोकले आणि घरातला उजेड निळा झाला. पडवीतून दिसणारं, मुंबईची एसटी यायची ते वळण झाकलं गेलं. लावणीहून परत यायचं ते थेट धुरात, ओल्या घोंगडीच्या वासात. प्लास्टिकवर पाऊस दिवसभर बडवत असायचा. दसऱ्यापर्यंत हे असंच.

एका दुपारी मी विळ्यानं प्लास्टिकला डोळ्याएवढं भोक पाडलं. वळणाकडे बघत उभी होते, तेवढ्यात सासूबाई मागे आल्या. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्यांनी भोकातून बोट फिरवून पाहिलं.

"खाली पाड गो," त्या म्हणाल्या. "बसल्यावर दिसल असं. उभं रावून किती वर्सं बघशील?"

ओरडा चुकला म्हणून मी तेव्हा चक्क हसले होते. त्या 'किती दिवस' म्हणाल्या नव्हत्या, 'किती वर्सं' म्हणाल्या होत्या, हे मला आज दुकानात ऐकू आलं.