माझ्याच तोंडचं व्हय

म्हापशाजवळ आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहेत, पुण्याहून आलेल्या. लिफ्टपाशी भेटल्या की म्हणतात, "बरं केलंत हो गोव्यात आलात. लाइफस्टाइल म्हणून काही असतं की नाही माणसाला?" मी हसते. लिफ्ट येईपर्यंत हसायला काय जातं. पण घरात शिरले की भांडी आपटते. लाइफस्टाइल म्हणे. माझ्या परसात केळी होत्या, विहिरीला मे महिन्यात पाणी होतं, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेने काजू होते. मी काय लाइफस्टाइल शोधत फिरत होते?

पण खोटं कशाला बोलू. सुरुवातीला मीच लोकांना तसं सांगत सुटले होते. कुणी विचारलं की उत्तर तयार. नवऱ्याची नोकरी इथली, दवाखाना जवळ, लाइट जात नाही, आणि इथलं राजकारण जरा माणसात आहे. शेवटचं वाक्य मी मान वर करून म्हणायची, जशी काही मी दहा राज्यं बघून त्यातून हे निवडलं होतं. निवडलं डोंबल. मला गावातून काढलं. आणि का काढलं, ते कळायला मला तीन वर्षं लागली.

आमचं गाव तळेऱ्याहून आत. घरामागे सडा, म्हणजे कातळाचं मोठं पठार. पावसाचं पाणी त्या सड्यात मुरतं आणि वाडीच्या विहिरींना येतं. नवरा तेव्हा गोव्यात औषधांच्या कारखान्यात होता, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. त्यामुळे घर म्हणजे मी आणि माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा मला धड कोयता धरता येत नव्हता. आबांनी शिकवलं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, कसा काढायचा, काजूच्या बिया कधी वेचायच्या, कुठल्या शेजाऱ्याशी किती बोलायचं, सगळं आबांनी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरायला मला रिक्षात घालून घेऊन गेले तेही आबाच. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, "तुका वाचूक येता, तुका भांडाक येता. मेंबराक अजून काय होया?"

निवडून आले. आणि भांडायची वेळ यायला फार दिवस लागले नाहीत. सड्यावर जांभ्या चिऱ्याची खाण निघणार होती आणि तिला ग्रामपंचायतीची ना हरकत हवी होती. आमचा सरपंच एका पक्षातून निवडून आला, दुसऱ्यात गेला, मग तिसऱ्यात गेला, आणि प्रत्येक वेळी अर्धा गाव गळ्यातले रुमाल बदलून त्याच्या मागून गेला. बदला बापडे, मला काय. पण खाणीच्या कागदावर मी सही केली नाही. ग्रामसभेत उभी राहून विचारलं, की सडा कापत खाली गेलात तर आमच्या विहिरींचं काय करणार, ते लिहून द्या. मागून एक जण एवढंच म्हणाला, "बाये, तुजा माहेर खंयचा गो?" म्हणजे तू बाहेरून आलेली, तू कोण विचारणार. सगळे हसले. जे हसले त्यांच्या विहिरी माझ्या विहिरीच्याही खाली आहेत, पण अक्कल विकत मिळत नाही.

त्या वर्षी आमच्या शेतात लावणीला कुणी आलं नाही. वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेतात वाकणाऱ्या बायका, पण त्या आठवड्यात साऱ्या वाडीला एकदम कंबरदुखी झाली. मी आणि आबांनी दोघांनी लावलं. आबा चिखलात उभे राहून म्हणाले, "लाव गो बाय, भाताक राजकारण कळणा नाय." एवढं हसले होते मी त्या दिवशी. माझ्या बाजूने गावात एकच माणूस होता आणि तो घरातच होता, मग मला कुणाची भीती.

आता गाऱ्हाण्याचं सांगते. आमच्याकडचं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवळात सगळा गाव उभा राहतो, एक मानकरी गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." आजारी माणूस बरा होऊ दे, व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेल्यांना सुखात ठेव, व्हय म्हाराजा. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं असतं ते. बोलणाऱ्याचा आवाज जिथे खाली येतो तिथे आपलं तोंड आपोआप उघडतं, डोकं लागत नाही. माझ्या माहेरीही हेच. सासरच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे आबांकडे.

जत्रेचा दिवस होता. दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी ओटीचं ताट घेऊन बायकांत उभी होते. आबा पुढे, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल बांधलेला. त्यांनी सुरू केलं. पीकपाणी झालं, गुरंढोरं झाली, पोरांच्या परीक्षा झाल्या, आणि मग त्याच आवाजात, त्याच चालीत ते म्हणाले:

"आणि म्हाराजा, गावाच्या बऱ्या कामात जो कोण आडवो पडता, घरातलो असो, भायलो असो, तेका ह्या गावाच्या मातयेत सुख लाभाक नको."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

आणि गावाबरोबर मीही म्हणाले. चांगली खणखणीत म्हणाले, माझा आवाज पहिल्यापासून मोठा. म्हणून झाल्यावर मला समजलं की काय म्हटलं. शेजारच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, एकीने तर तोंडाला पदर लावला. समोर सरपंच डोळे मिटून हात जोडून उभा होता, जसा काही देव त्याच्या घरी जेवायला येणार होता. हातातलं ताट मला कुणाच्या तरी डोक्यात घालायचं होतं, पण कुणाच्या घालू? शब्द बोलला होता माझ्या सासऱ्यांनी आणि होकार दिला होता मी.

घरी आल्यावर आबांना अंगणातच गाठलं.

"तुमी कोणाक म्हटल्यात ता?"

"गावान सांगितला, मी म्हटलंय. तोंड माजा, शबुद गावाचे."

"आणि सून कोणाची?"

आबा पायरीकडे वळले. घागरीतून पाणी घेतलं, पायांवर ओतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गोव्यात जा गो बाय. झिलाकडे. कायमचा बिऱ्हाड करा थंयच."

झील म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. मी आबांना नको नको ते बोलले. देवळातला मान सांभाळलात आणि घरात काय सांभाळलंत, असं विचारलं. मला उभी करताना भांडता येतं म्हणालात, मग भांडले तर बाहेर काढता, असंही म्हणाले. ते ऐकत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला, की जा. नुसतं जा नाही. रेशनकार्डातून नाव काढ, मतदारयादीतून काढ, मेंबरकीचा राजीनामा दे. तहसीलच्या खिडकीवर ते स्वतः माझ्याबरोबर आले. घरात आयुष्यभर मालवणी बोलणारा माणूस, पण त्या कारकुनापुढे अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, सुनेचं नाव कमी करायचं आहे. कायमचं." कायमचं हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मी बाजूला उभी होते आणि माझ्या कानांतून जाळ निघत होता. एवढी घाई? मेलेल्या माणसाचं नावसुद्धा लोक दोन-दोन वर्षं काढत नाहीत.

रागाने मी सगळीकडे सह्या केल्या. खाणीच्या कागदावर केली नाही ती सही मी स्वतःला पुसायच्या कागदांवर केली. नवरा म्हणाला, "अगं, जरा थांब." म्हटलं, आता तू मध्ये पडू नकोस. मी राजीनामा दिला आणि पुढच्याच ग्रामसभेत खाणीचा ठराव झाला. करणारच होते.

सामान टेम्पोत घातलं त्या दिवशी आबा काजूच्या बागेत जाऊन बसले ते टेम्पो निघेपर्यंत आले नाहीत. हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर पोलीस गोव्याहून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्या उघडून दारूच्या बाटल्या शोधत होते. आम्हाला कुणी हात केला नाही. माणूस जिल्हा सोडून चालला तर त्याची तपासणी कोण करणार.

गोव्यात आले आणि मला खरंच बरं वाटलं, हे लपवत नाही. नळाला पाणी, दाराशी बस. आमच्या इथल्या पंचायतीच्या ग्रामसभेला गेले तर लोक डोंगर कापण्यावरून भर सभेत भांडत होते. एका बाईने उभं राहून अर्धा तास झोडपलं, आणि सभा संपल्यावर ज्यांना झोडपलं त्यांच्याबरोबर चहा प्यायली. मी मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, हे माझं गाव. पुढच्या सभेला त्याच बाई म्हणाल्या की ह्या भायल्या लोकांनी येऊन आमची वाट लावली. भायले म्हणजे बाहेरून आलेले. म्हणजे मी. तिथे माहेर खंयचा, आणि इथे गाव खंयचा. आता मी सभेला जाते पण टाळ्या वाजवत नाही.

तीन वर्षांत मी आबांशी एक शब्द बोलले नाही. नवरा महिन्यातून एकदा जाऊन यायचा. एकटेच असतात, पेज करून खातात, खाणीचे ट्रक दारावरून जातात म्हणून ओटीवर ताडपत्री लावली आहे, असं सांगायचा. मी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, मग लावू दे की. यंदा दिवाळीनंतर त्यांना दिसेनासं झालं. डोळ्याचं ऑपरेशन इकडेच करायचं ठरलं आणि नवरा त्यांना घेऊन आला.

पंधरा दिवस होते. मी औषधाचे थेंब घालायची, ते डोळा उघडून छताकडे बघायचे. पहिल्यांदा कामापुरतं बोललो. मग मी एकदा सोलकढी केली, त्यात मीठ विसरले, तर म्हणाले, "हंयचा मीठ खारट नाय काय गो?" आणि मला हसू आलं. मला वाटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस, राहील इथेच, मीही विसरेन. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

म्हापशाच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. गाडी लागली नव्हती. बाकड्यावर बसलो.

"आबा, ऱ्हवा हंयसरच. थंय एकटे काय करतालात?"

"जत्रा इली."

"म्हणजे परत गाऱ्हाणा."

"व्हय."

"आणि परत तसाच म्हणतालात?"

"सांगतले तर म्हणतलंय."

तिथे माझा तोल गेला. लोक बघत होते, बघू देत. मी म्हटलं, तुमच्या घरात मी लेकीसारखी राहिले, तुम्ही माझ्यावर देव घातलात, आणि वर घराबाहेर काढलंत, रेशनकार्डावरसुद्धा ठेवलं नाहीत. तीन वर्षं साठलेलं सगळं बाहेर काढलं.

आबांनी काळा चष्मा काढला आणि रुमालाने डोळ्याखालचं पाणी टिपलं. पाणी ऑपरेशनचं होतं की कसलं, ते देव जाणे.

"काढलंय म्हणान वाचलंस," ते म्हणाले.

"कशातसून वाचलंय?"

"गाव काय म्हणता तेची माका भीती नाय. गाव वर्साक दहा जणांक म्हणता, आणि देव काय खुळो नाय, तो सगळा आयकणा नाय. पण त्या दिवशी तू व्हय म्हटलंस. मी पुढे उभो होतंय, तरी तुजो आवाज माका आयकाक इलो. दुसऱ्यांनी म्हटलेला देव सोडता. आपल्याच तोंडान मागितलेला तो कसो सोडतलो? पण मी म्हटलेला ता ह्या गावाच्या मातयेपुरता होता. म्हणान तुका मातयेतसून काढलंय. तुजा नाव गावात खंयच शिल्लक ठेवूक नाय."

तीन वर्षं मी सरपंचाला शिव्या दिल्या, खाणीला दिल्या, सगळ्यांत जास्त ह्या म्हाताऱ्याला दिल्या. आणि हा म्हातारा ट्रकची धूळ खात एकटा पेज शिजवून जेवत होता, कारण मला सवयीने एक शब्द म्हणायची खोड. माझा राग कमी झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट भडकला. त्याला जायला आता जागाच राहिली नाही.

"आबा, माका एकदा विचारूचा तरी होता," मी म्हटलं.

"काय विचारू? तू हसलं असतंस, आणि थंयच ऱ्हवलं असतंस."

गाडी लागली होती. त्यांनी पिशवी उचलली, मी धरायला गेले तर दिली नाही. मी हसलेच असते. आणि राहिलेच असते.