दांड्यावरची टोपी

माझ्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं आहे. नवीन माणूस भेटला की त्याची नजर आधी हातावर पडते आणि मग तो घाईघाईने हवापाण्याचं बोलू लागतो. त्याचा मला त्रास होत नाही. बोटं गेल्याचं दुःख मी कधी नीटसं केलंच नाही. त्यानंतर जे मी केलं ते मात्र अजून तसंच पडून आहे.

मध्य भारत राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. मी इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होतो. वडिलांची सारी नोकरी संस्थानाच्या दफ्तरात गेलेली. संस्थान विलीन झालं, कागदपत्रांचे गठ्ठे ग्वाल्हेरला गेले, आणि वडील घरी बसले. सकाळी अंघोळ झाली की कोट घालून, टोपी चढवून ते ओसरीवर बसत, जणू आत्ता कोणी बोलावणं घेऊन येईल. दफ्तरखान्याची किल्ली ते नोकरीभर जानव्याला बांधून असत. किल्ली सरकारजमा झाली, पण बोलता बोलता त्यांचा हात सदऱ्याखाली तिथेच जाई.

आमचं कार्डिंग खातं म्हणजे कापूस विंचरायच्या मशिनींची लांबलचक रांग. वर छताशी एक लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक मशिनीला चामड्याचा पट्टा उतरायचा. मशिनीच्या बाजूला एक दांडा असे. तो एकीकडे ओढला की पट्टा मोकळ्या चाकावर सरके आणि मशीन थांबे. दुसरीकडे ढकलला की मशीन चालू. आत तारांच्या दातांचे रोळ असत. बाहेरून बघणाऱ्याला आत माणूस आहे की नाही ते दिसत नसे.

म्हणून गिरणीत एक रिवाज होता. मशिनीत हात घालणाऱ्याने डोक्यावरचं काढून त्या दांड्यावर टांगायचं. आम्ही मराठी लोक टोपी टांगायचो, माळव्यातले साफा किंवा गमछा. टोपी दिसली की दांड्याला हात लावायचा नाही. कुलूप नाही, पाटी नाही. पण रिवाज पक्का होता, कारण दुसऱ्याच्या टोपीला हात लावणार कोण? आमच्याकडे त्यावरून डोकी फुटली असती. परक्याने लावू नये, फक्त घरच्याने लावावा, अशी ती वस्तू. त्या रिवाजात खोट असेल तर ती इथेच होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. घरचं माणूस कधी खात्यात येतच नसे.

आमच्या रांगेचा जॉबर, म्हणजे मुकादम, देवासकडचा होता, माझ्याहून वयाने मोठा, तोंडाळ आणि मनाने साफ. मी दफ्तरवाल्या ब्राह्मणाच्या घरातला म्हणून तो मला पंडितजी म्हणायचा.

"पंडितजी, तुमसे तो तुमारी टोपी भली," तो म्हणायचा. "दिनभर दांडे पे खड़ी रेती हे. बीड़ी पीने नी जाती."

"मी तरी कुठे जातो?"

"तुम चाय पीने जाते हो. टोपी वो भी नी पीती."

त्या दिवशी मी जेवणाचा डबा घरी विसरलो. सकाळीच एका मशिनीचा आतला रोळ आवाज करू लागला होता. जॉबर म्हणाला, सुट्टीत शाफ्ट बंद असतो तेव्हाच बघून टाका. दुपारचा भोंगा झाला, शाफ्ट थांबला, माणसं बाहेर पडली. मी दांडा ओढून घेतला, टोपी टांगली आणि मागच्या बाजूने आत शिरलो. थोड्या वेळाने एक पाना कमी पडला. तो आणायला मी मागच्या दाराने फिटिंग शॉपमध्ये गेलो. परत आलो तो त्याच दाराने, आणि पुन्हा मागूनच आत शिरलो. दांडा पुढच्या अंगाला होता. टोपी मीच लावली होती, मग ती बघायला पुढे कशाला जायचं?

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. शाफ्ट फिरू लागला. जॉबर रांगेने एकेक दांडा ढकलत आला. आमच्या मशिनीच्या दांड्यावर काही नव्हतं.

त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही, आणि दुखल्याचं तर मुळीच नाही. आठवतं ते एवढंच की मला उचलून बाहेर नेत होते, दांड्यावर टोपी नव्हती आणि खिडकीच्या कट्ट्यावर पितळी डबा ठेवलेला होता. वडिलांच्या पंच्यात बांधलेला. पंच्याची गाठ वडिलांचीच होती, दफ्तराच्या गठ्ठ्याला मारायचे तशी, दोन फेरे आणि वर फास.

मला तेव्हाच सगळं कळलं. वडील डबा घेऊन आले. ओळखीच्या चौकीदाराने आत सोडलं. मी पाना आणायला गेलो होतो म्हणून त्यांना दिसलो नाही. दिसली ती माझी टोपी, तेलकट दांड्यावर टांगलेली. आमच्या घरात टोपी जमिनीवर पडली तर उचलून कपाळाला लावत. त्यांनी ती झटकली, काखेत घेतली आणि घरी गेले.

दवाखान्यातून परतलो तेव्हा टोपी खुंटीवर होती. बेसन लावून, ब्रश मारून तिचा डाग काढला होता.

"काय रे ती टोपी कुठे टांगली होतीस," वडील म्हणाले. "खराब करून ठेवली होतीस सगळी." मग माझ्या हाताची पट्टी बघून त्यांनी मला बसायला पाट सरकवला. त्यांना रिवाज माहीत नव्हता. माझा अपघात आणि ती टोपी यांचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

चौकशीला सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर आले होते. गिरणीचे इंजिनियर साहेब त्यांच्या शेजारी. आधी जॉबरला विचारलं.

"टोपी नी थी साब. गंगाजली उठवा लो, कसम खाता हूँ. होती तो मैं हाथ लगाता?"

मग मला विचारलं. तुम्ही खूण लावली होती का? ती कोणी काढली का? इन्स्पेक्टर सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं, खूण जर कोणालाही काढता येत असेल तर ती बिनकामाची आहे, मग प्रत्येक दांड्याला कडी बसवून कामगाराला स्वतःचं कुलूप द्यावं लागेल. तुम्ही लावायला विसरला असाल तर गोष्ट वेगळी. मग ती माणसाची चूक.

माझ्यासमोर दोनच वाक्यं होती. टोपी होती म्हटलं की कोणी काढली हे सांगावं लागणार. वडिलांचं नाव कागदावर येणार, त्यांना बोलावणार, आणि मुलाची बोटं आपल्या हाताने गेली हे त्यांना उरलेला जन्म बाळगावं लागणार. दफ्तर गेल्यापासून ते आधीच अर्धे झाले होते. आणि मी नुसतं होती म्हटलं, तर जॉबर खोटा ठरून कामावरून जाणार.

"विसरलो," मी म्हणालो.

सगळ्यांना बरं वाटलं. इंजिनियर साहेबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर जॉबरने माझा चांगला हात धरला आणि रडला. मला काही वाटलं नाही. मी घरी येऊन वरणभात जेवलो. आईने कालवून दिला.

कुलुपं आली नाहीत. सूचना लागली, टोपी लावायला विसरू नये.

मला हलकं काम दिलं. दिवस गेले, बरेच गेले. मग पावसाळ्यात एकदा जॉबर त्याच रांगेतल्या एका मशिनीत हात घालून बसला होता. दांड्यावर त्याने गमछा टांगला होता, जुना, विरलेला. झाडूवाल्याला ती पुसायची चिंधी वाटली. त्याने ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मोकळा दांडा बघून कोणीतरी तो ढकलला आणि व्हायचं ते झालं. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

मी त्याला उचलणाऱ्यांत होतो. माझ्या अंगठ्याने आणि करंगळीने त्याचा पाय नीट धरता येत नव्हता. मनात एकच विचार होता आणि तो अगदी थंड होता. मी त्या दिवशी होती म्हटलं असतं, तर इथे आज कुलूप असतं.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनियर साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की माझी टोपी दांड्यावर होती, ती काढली गेली, मी खोटं बोललो. कोणी काढली तेही सांगितलं. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तब क्यों नहीं बोले?"

त्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. त्यांनी लोहाराला बोलावलं. दांड्यांना भोकं पडली, कड्या बसल्या. प्रत्येक फिटरला आणि जॉबरला स्वतःचं कुलूप आणि त्याची एकच किल्ली मिळाली. मलाही मिळालं, कारण हाताला झेपेल तेवढं मशिनीचं काम मी पुन्हा मागून घेतलं होतं.

जॉबर बरा होऊन आला. त्याला फाटकावर बसवलं. तो मला डाव्या हाताने रामराम करायचा. काही दिवस मी तो रामराम घेतला. मग एका सकाळी मी त्याच्या स्टुलापाशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डबा, पंचा, टोपी, चौकशी.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मतलब टोपी थी भी, और नी भी थी."

"हो."

"मैं झूठा नी था."

"नाही. तू खरंच बोलला होतास."

"चलो." त्याने रिकाम्या बाहीची गाठ चाचपली. "बाबूजी को बोला?"

"नाही."

"तो भिया, मेरे कने कायको आए? मेरा तो जो जाना था, गया. जिसके लिए झूठ बोला उसको तो बोल."

संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. मी उभाच होतो. मी एकदाही थांबलो नाही, एखादा हिशोब वाचून दाखवावा तसं सांगितलं. जॉबरच्या हाताचं आणि नंतरच्या कुलुपांचंही सांगितलं. सांगून झाल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ज्या चेहऱ्यासाठी मी हे सगळं केलं होतं तो मोडेल अशी मी वाट बघत होतो.

तो मोडला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुलुपं कधी लागली?"

"आत्ता. याच पावसाळ्यात."

"मला त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर तेव्हाच लागली असती."

"तुम्हाला सहन झालं नसतं, बाबा."

"झालं असतं," ते म्हणाले. "तू मला विचारलं नाहीस."

आत आईने दिवा लावला. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्यांनाही आलं नाही. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुझी किल्ली कुठे असते?" त्यांनी विचारलं.

"खात्यात. मशिनीजवळ खिळा ठोकलाय, त्यावर."

"आण उद्या घरी."

दुसऱ्या दिवशी मी किल्ली आणली. त्यांनी मला जवळ बसवलं, सदरा वर करायला सांगितलं आणि माझं जानवं हातात घेतलं. मला एका धड हाताने गाठ मारता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी किल्ली ओवली, दोन फेरे दिले आणि वर फास मारला. मग ओढून बघितलं.

"खिळ्यावरची वस्तू कोणीही उचलतं," ते म्हणाले.