स्पॅनिशच्या पेपराची झडती

सन दोन हजार चार. माझं वय त्रेपन्न. नोएडात एका स्पॅनिशच्या क्लासमध्ये मी शिपाई होतो. त्या दिवशी भरल्या वर्गात सरांनी मला खिसे उलटे करायला लावले. बिड्या निघाल्या, काडेपेटी निघाली. पोरं हसली.

गुन्हा काय? परीक्षेच्या गठ्ठ्यात मी माझाही पेपर सरकवला होता. नाव घालून. पहिलाच प्रश्न, एका क्रियापदाची भविष्यकाळाची सहा रूपं. माझी सहाच्या सहा बरोबर. पेपरांची झेरॉक्स मीच काढायचो. म्हणजे मी चोर. झालं.

मी चौथी शिकलेला. पण दोन वर्षं दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकलं होतं, रोज फळा पुसायच्या आधी स्पेलिंगं उतरवून घेतली होती. आब्रे, आब्रास, आब्रा, आब्रेमोस, आब्रेइस, आब्रान. सर हिंदीत समजावून घामाघूम व्हायचे, पोरं नुसत्या माना हलवायची. मला एका दिवसात कळलं. आपलं असेन, असशील, असेलच की ते. आब्रे कोमीदो म्हणजे जेवलेलो असेन. तुम्ही याल तोवर मी जेवलेलो असेन. घरात रोज बोलतो आपण असं. त्यात चोरायचं काय?

सर मराठीच, पुण्याचे. एरवी काका म्हणायचे. त्या दिवशी सगळ्यांदेखत हिंदीत, "किसने बताए तुझे जवाब?"

"आपने ही तो पढाया, सर."

"मैंने इनको पढाया. तुझे नहीं."

मागून एक जण ओरडला, "अंकल, मॅड्रिड में चाय की दुकान खोलोगे क्या?"

मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि सहाही रूपं म्हणून दाखवली. घडाघडा. सरांनी माझा पेपर फाडला. मग मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं, "पाठांतर पोपटही करतो. फळा पूस आणि चहा आण."

मी फळा पुसला. चहाही आणला. खिसे उलटे केल्याची लाज मला कधीच वाटली नाही. लाज वाटते ती त्या चहाची. ती अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी घातली नाही. लग्नाकार्याचा शर्ट घातला आणि वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसलो. सर आले, थबकले.

"काका, काय तमाशा आहे हा?"

"नवीन पेपर काढा. झेरॉक्स तुम्ही काढा. मी इथं तुमच्यासमोर लिहितो. चोर म्हणायचं तर तो तपासून म्हणा."

"ऊठ."

मी उठलो नाही.