जर्मन कीबोर्ड आणि गुळाचा सौदा

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर शिवप्रसादचं ऑफिस आहे. त्यानं आणि त्याचा दोस्त धैर्यशील यानं मिळून गुळाच्या अडत दुकानांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांत ते चांगलं चालू लागलं. पुढं धैर्यशील दोन वर्षांत येतो म्हणून जर्मनीला गेला. तिकडंच संसार थाटला, आणि दोनाची सहा वर्षं झाली. शिवप्रसाद अजून त्याची वाट बघतो. शिवप्रसादची बायको सुष्मिता म्हणते, माझी एवढी वाट या माणसानं कधी बघितली नाही.

दोघांची काम करायची एक तऱ्हा होती. सौद्याच्या वेळी दुकानातले दिवाणजी एका हातात वजनाची चिठ्ठी धरतात आणि दुसऱ्या हातानं, मान वर न करता, कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातलं अधिकचं बटण दाबून नोंद पक्की करतात. एका व्यापाऱ्यानं लेकीच्या हट्टापायी मॅक लॅपटॉप आणला आणि सगळा घोळ झाला. त्याला आकड्यांच्या बटणांचा तो कोपराच नाही, शिवाय कंट्रोलच्या जागी कमांडचं बटण. अशा वेळी धैर्यशील एकेक बटण दाबून मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचा आणि मशीनला नेमकं काय पोचलं ते शिवप्रसाद वाचून दाखवायचा. भांडण तर ठरलेलंच. प्रोग्रॅमनं बटणावरचं अक्षर बघावं की बटणाची जागा? शिवप्रसाद अक्षराच्या बाजूचा, धैर्यशील जागेच्या. घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि मग खाली वडा खायला जायचे.

यंदा शिवप्रसादनं एक खूळ काढलं. आपलं सॉफ्टवेअर जर्मन कीबोर्डावरही चाललं पाहिजे. कुणा गिऱ्हाइकानं मागितलं नव्हतं. त्या कीबोर्डावर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, एवढीच मुख्य अडचण, आणि ती त्यानं एका दुपारी गुपचूप दुरुस्तही केली होती. तरी त्यानं धैर्यशीलला कळवलं, की तुझ्याशिवाय हे सुटत नाही.

रविवारी संध्याकाळी दोघं व्हिडिओ कॉलवर बसले. धैर्यशीलच्या मशीनचा पडदा शिवप्रसादला इकडं दिसत होता. तो बटण दाबून नाव घेई, हा वाची. अगदी पूर्वीसारखं. शिवप्रसादला इतकं बरं वाटत होतं की तो मुद्दाम एकेका बटणावर रेंगाळत होता. बोलता बोलता धैर्यशीलनं सांगून टाकलं, तिकडं घर घेतलंय, पोरीचं नावही तिथल्याच शाळेत घातलंय.

शिवप्रसाद बरं झालं म्हणाला. पण दर दिवाळीला यंदा तरी कायमचा येईल म्हणून धरलेली आस अशी चालता चालता संपली, आणि पडद्यावर पुढं काय उमटलं ते त्याला वाचताच येईना. शेवटी तो म्हणाला, परत पहिल्यापासनं घेऊया.

धैर्यशील थांबला. "शिवा, जर्मनीत गुळाचा सौदा कोण करतंय?"

"कोण न्हाय," शिवप्रसाद म्हणाला. "तू तिथं हायस, म्हणून."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग धैर्यशीलनं खुर्ची पुढं ओढली.

"हळू दाबतो," तो म्हणाला. "तू सावकाश वाच."