हँबर्गचा अर्धा आराखडा

श्री. रूबेन आवासकर यांची माझी पहिली भेट इथल्या शिपयार्डच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. मी पुण्याहून या परक्या देशात नुकतीच आले होते. माझ्या आराखड्यावर बोट ठेवून ते मराठीत म्हणाले, "रेषा छान आहे. पण हा पाइप बसवणाऱ्याचा हात इथे शिरेल का?" मी आराखडा बदलला.

सर अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्या पत्नी हान्नाबाई हँबर्गच्या ज्यू. नाझी राजवटीत आईवडिलांबरोबर लहानपणी मुंबईला आल्या आणि मराठी झाल्या. निघण्याच्या थोडे आधी त्यांच्या आजी वारल्या होत्या. कबरीवर दगड बसवायला ज्यूंमध्ये बहुधा वर्षभर थांबतात. तेवढा काळ या कुटुंबाला मिळाला नाही.

सर जहाजांच्या कामासाठी हँबर्गला जात, हान्नाबाई कधीच गेल्या नाहीत. दगड मात्र माझ्यासमोरच बसवायचा, असे त्या म्हणत. म्हणून सर त्यांच्यासाठी शहर कागदावर आणत. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पाडल्यावर उरलेला चौक, त्याच्या फरशीत आखलेल्या छताच्या कमानी. शेजारची, अजून उभी असलेली शाळा. आल्टोना कब्रस्तानातले आडवे, जुने दगड. इथल्या बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी जेवणे झाली की हान्नाबाई त्या कागदांवरून हळूहळू बोट फिरवत. मी फारशी बोलत नसे. त्या घरी मला कोणी बोलायला लावले नाही. ताट मात्र वाढलेले असे.

गेल्या वर्षी सरांनी ते सारे कॉम्प्युटरवर उतरवायचे काम मला दिले. आजींना पुरले होते त्या ओल्सडॉर्फ कब्रस्तानाचा त्यांचा आराखडा तिथल्या कचेरीच्या नकाशाशी जुळेना. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून आम्ही एकच बाजू काढतो. सरांनी सवयीने कब्रस्तानाचीही डावी बाजूच काढली होती आणि आजींच्या जागेची खूण तिच्यातच केली होती. आजींची कबर मात्र मधल्या वाटेच्या उजवीकडे होती. सर दर खेपेला डावीकडच्या एका बिनदगडाच्या कबरीवर रिवाजाप्रमाणे खडा ठेवून, प्रार्थना करून येत होते.

मी पडद्यावर दोन्ही जागा दाखवल्या. हान्नाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणाला भेटत होतास रे?"

"त्या कबरीकडेही कोणी येत नसणार, हान्ना."

त्या हसल्या. मग हसू ओसरले. "म्हणजे आजीकडे अजून कोणीच गेलेलं नाही?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग तिकीट काढ. मीच जाते."

नव्या दगडावर हिब्रू आणि जर्मन मजकूर असेल; खाली एक ओळ मराठीत, अलिबागकडच्या कबरींवर असते तशी. ती अक्षरे सरांनी मला काढायला सांगितली, याहून मोठे प्रमाणपत्र मला मिळालेले नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या लेखात दीर्घायुष्य चिंतायचे असते. माझी इच्छा नेमकी आहे. येत्या वसंतात सरांचे गुडघे आणि हान्नाबाईंची नजर नीट साथ देवोत. दोघांनी त्या वाटेने उजवीकडे जावे, दगड बसलेला पाहावा. मग डावीकडे जाऊन त्या अनोळखी कबरीवरही एक खडा ठेवावा. आणि यानंतरही अनेक वर्षे दोन्हीकडे जाण्याइतके बळ त्यांच्या पायांत राहावे.