दादाचा सर्व्हर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा थोरला भाऊ नौपाड्यात राहायचा, मी डोंबिवलीत. दादा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मधुमेह डोळ्यांत उतरला तेव्हा त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. एका डोळ्याने बऱ्यापैकी दिसतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. आम्हीही ते धरून चाललो होतो.

कॉम्प्युटरचा नाद आम्हा दोघांनाही. त्याच्या घरी दोन होते, तिसरा त्याने एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचलून आणला. त्याचा सर्व्हर करायचा, म्हणजे घरातल्या सगळ्या फायली आणि ईमेल एका ठिकाणी राहतील आणि मलाही डोंबिवलीहून माझ्या कॉम्प्युटरवरून फोन लावून त्यात शिरता येईल, असा त्याचा बेत होता. त्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, या वादात आमचे कित्येक रविवार गेले. मला विंडोज हवी होती. माउसने सगळं होतं, वहिनींनाही सोपं पडेल, हे माझं म्हणणं. दादा मात्र लिनक्सवर अडून बसलेला. तिची सीडी एका मासिकाबरोबर फुकट आलेली. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि प्रत्येक हुकूम टाइप करून द्यायचा. कारण विचारलं की तो विषय बदलायचा.

शेवटी एका दुपारी मी विंडोज चढवली आणि माउस त्याच्या हातात दिला. तो फिरवत राहिला. बाण वरच्या कोपऱ्यात जाऊन अडकला, तरी त्याचा हात थांबेना. बाण वर गेलाय, असं मी म्हटल्यावर तो थांबला आणि माउस हळूच बाजूला सरकवला.

"मला बाण दिसत नाही रे," तो म्हणाला. "दिवाळीपासून नाही दिसत. कीबोर्ड तेवढा बोटांना पाठ आहे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही त्याने हे सांगितलं नव्हतं. मग त्या आत जाऊन चष्मा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण वाचता येतं. काय लिहून येतंय ते मी सांगते."

मी विंडोज काढून टाकली.

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. वर्गात वाचावं तशी त्या एकेक ओळ वाचायच्या. अडलेला इंग्रजी शब्द सुट्या अक्षरांत सांगायच्या. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि टाइप करायचा. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं नेटवर्कचं कार्ड काही केल्या चालेना. त्यापायी दोघांत खटके उडाले, एकदा तर वहिनी चष्मा काढून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा बसल्या. कार्ड चाललं तेव्हा मी तिथे नव्हतो. मला फोनवर कळलं.

पुढच्या वर्षी दादाची नजर पूर्ण गेली. त्याने कॉम्प्युटरवर काढलेली ड्रॉइंग सर्व्हरवर पडून होती आणि डिस्क भरत आली होती. ती काढून टाकू का, असं मी जपून विचारलं.

"असू दे," तो म्हणाला. "मला दिसत नाहीत म्हणून ती पुसायची कशाला?"

त्यानंतर तो बरेच दिवस कीबोर्डजवळ गेला नाही. खिडकीपाशी बसून राहायचा. सर्व्हर चालूच असायचा. वीज जाऊन आली की वहिनीच तो सुरू करायच्या. मी डोंबिवलीहून फोन जोडायचो, दोन ओळी लिहून ठेवायचो. उत्तर येत नसे.

एका संध्याकाळी जोडला तर माझ्या नावावर एक निरोप होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, चुका तशाच ठेवलेल्या. वहिनींनी लिहिला होता: आज यांनी स्वतः चहा केला. मलाही दिला.