मरियमबाईंचा रूळ

सुप्याच्या एका कारखान्यात विल्सन तीस वर्षं लोखंडाला ठोकतोय आणि त्याचाच पगार घेतोय. यंत्राच्या सांगाड्याला सेन्सर चिकटवायचा, बारक्या हातोडीने ठोका द्यायचा आणि संगणकावरचा आलेख वाचायचा. लोखंड ज्या सुरांत थरथरतं, तिथे आलेखात टोकं उभी राहतात. टोक अणकुचीदार असेल तर सूर लांबतो. बसकं, पसरट असेल तर तो कुठेतरी मुरतोय. नव्या पोरांना त्याचा पहिला धडा ठरलेला: वस्तू मोकळी टांगा, आवळू नका.

ठोक्याचा नाद त्याला आईमुळे लागला. मरियमबाई मिरजगावच्या शाळेत शिपाई होत्या आणि शाळेची घंटा म्हणजे रेल्वेचा तीन फुटी रूळ. त्यांनी एक ठोका दिला की पार बाजारापर्यंत ऐकू जायचा. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी विल्सनच्या कानातून तो आवाज गेला नव्हता.

गेल्या वर्षी शाळेला रंग दिला, तेव्हा त्याने हौसेनं रुळालाही रंग देऊन तो स्वतः बसवला. देखणा दिसावा म्हणून दोन्ही टोकं नट-बोल्टने गच्च आवळली आणि न वाजवताच भिंगारला घरी परतला. जगाला शिकवणारा हा शहाणा आईच्या घंटेपाशी सगळं विसरला!

गेल्या आठवड्यात शाळेच्या आताच्या, कारभारी नावाच्या शिपायाचा फोन आला. "विल्सनभाऊ, रूळ वर्षभर नुसता थाड करतोय. तडा गेलाय म्हनत्यात. सोमवारी भंगारवाला येनार हाय."

शनिवारी टेम्पोत घालून विल्सनने रूळ सुप्याला आणला, रबरी पट्ट्यांवर टांगला आणि एका कडेशी सेन्सर लावला. नवी इंजिनिअर आराधना संगणकापाशी बसली. पहिल्याच ठोक्याला आलेखात टोक सुईसारखं उभं राहिलं. लोखंड ठणठणीत होतं. आपल्या बोल्टांनीच आईच्या घंटेचा गळा दाबला होता, हे विल्सनला कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

मग टांगायचा कुठे, ते शोधायला तो रुळावर बोटाबोटाने पुढे सरकत ठोके देऊ लागला. कडेपासून वीतभर आत आल्यावर आराधना म्हणाली, "सर, इथे आलेखातलं पहिलं टोकच गायब झालं. इथे तडा नसेल ना?"

"तडा नाही. त्या सुरात सगळा रूळ हलतो, ही जागा तेवढी हलत नाही. टांगायचं तर इथेच, म्हणजे सूर मरत नाही."

खूण करायला त्याने तिथला रंग खरवडला. खाली साखळीने झिजून गुळगुळीत झालेली खाच होती. दुसऱ्या बाजूलाही तशीच, वीतभर आत.

स्टुलावर चढलेली आई त्याला दिसली. साखळी जरा सरकवायची, ठोका द्यायची, कान लावायची. खाली उभा लहानगा विल्सन वैतागून म्हणत होता, "कुठंबी टांग की, आई!"

"थांब. अजून बोलत न्हाई त्यो."

विल्सनने चष्मा काढून डोळे पुसले.

सोमवारी सकाळी, भंगारवाला यायच्या आत, त्याने रूळ त्याच खाचांत साखळीने टांगला आणि एकच ठोका दिला. आवाज लांबत लांबत बाजाराकडे गेला. समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्या झुंबरबाई बसल्या होत्या. त्यांना आता धड दिसत नव्हतं.

"मरियम आली व्हय शाळंत?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मावशी," विल्सन म्हणाला.